दोरगल्लीचं म्हणणं

आमच्या गल्लीला काय वाटतं, ते आम्हाला रोज सकाळी पेपरातून कळायचं.

"आज आपण घाबरलोय बरं का," आप्पा चष्मा नाकावर सरकवत वाचायचे. "'व्याजदर वाढण्याच्या शक्यतेने दोरगल्लीत घबराट.' तुला भीती वाटतेय का गं, सूनबाई?"

"मला दूध उतू जाईल याची वाटतेय," मी म्हणायचे.

"मग तेच छापा म्हणावं त्यांना."

आप्पा माझे सासरे. दोर वळणं हा त्यांचा धंदा, त्यांच्या वडिलांचा आणि त्यांच्या मागच्या सगळ्यांचा. पण दोरगल्लीत दोर वळणारं घर आता आमचं एकटंच उरलं होतं. बाकी बंद ऑफिसं, एक झेरॉक्सवाला, एक किल्ल्या करून देणारा, आणि दगडी खांबांची ती मोठी इमारत, जी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. दोरगल्ली खूश झाली, दोरगल्ली रुसली, दोरगल्लीनं सरकारला दम दिला, बातमी कुठलीही असो, मागे ते खांब दाखवतात. खांबांच्या आत तळमजल्यावर चपलांचं शोरूम आहे आणि वरचे मजले रिकामे आहेत. ते कुणी दाखवत नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. पोरगी दोरगल्लीत पडली, आता काय विचारता! मोठ्या मामानं लग्नातच माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि आपल्या मुलाला कुठेतरी चिकटवा म्हणून गळ घातली. नवरा भाबडेपणानं म्हणाला, पाठवा की, चाक फिरवायला माणूस हवाच आहे. मामाला वाटलं, जावई थट्टा करतोय. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

एका गल्लीच्या नावाचं असं कसं झालं, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. आप्पांचं म्हणणं असं, की दोर वळायला लांब आणि सरळ जागा लागते. जेवढा दोर लांब, तेवढी जागा लांब. म्हणून जुन्या लोकांनी ही गल्ली सुतात आखली. जहाजांचे मालक दोर न्यायला यायचे. दोर काही उभ्या उभ्या होत नाही, मग ते आमच्या ओट्यांवर बसायचे. बसलं की माणूस बोलतो. तुझं जहाज बुडालं असेल. नाही बुडालं. मग एवढी खात्री आहे तर घे त्यावरचा माझाही माल तुझ्या अंगावर, मी स्वस्तात देतो. अशी सुरुवात झाली. पुढे ज्यांना दोर नको होता तेही येऊन बसायला लागले. मग ओट्यावर छप्पर आलं, छपराखाली टेबलं आली, टेबलांमागे कारकून आले. शेवटी दोरवाल्यांनाच टेकायला जागा राहिली नाही. एकेकानं घर विकलं आणि वाट धरली. नाव तेवढं मागे राहिलं, ते पाहुण्यांनी वापरायला काढलं.

"पण मग पाहुणे कुठे गेले?" मी एकदा विचारलं होतं.

"गेले असतील कुठेतरी. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं म्हणतात. बसायला ओटाच लागत नाही."

पर्यटकांना घेऊन येणारा गाईड मात्र छातीठोकपणे सांगतो, की इथे एका लबाड सावकाराला लोकांनी दोरानं खांबाला बांधून ठेवलं होतं. आप्पा खिडकीतून ओरडतात, "कधी रे? कधी?" गाईड त्यांच्याकडे बोट दाखवतो आणि पर्यटक त्यांचा फोटो काढतात.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता: राहायचं की जायचं. नायलॉनचे दोर करणाऱ्या एका कारखान्यात नवऱ्याला नोकरी मिळत होती. गाव लांबचं, पण राहायला क्वार्टर. इथे हाती आलेलं काम दिवसेंदिवस आटत होतं. नवरा जायला तयार, मी कुंपणावर, आणि आप्पा म्हणायचे, "तुम्ही खुशाल जा. मी इथून निघेन तो चौघांच्या खांद्यावर." बोलायला सोपं आहे. हा माणूस गॅसवर चहा ठेवतो आणि पेपर वाचत बसतो, आणि आम्ही याला एकटा सोडून जायचं? आम्हा दोघांची त्यावरून रोज वादावादी व्हायची, आणि आप्पा मध्येच येऊन विचारायचे, कुणाबद्दल चाललंय.

तेवढ्यात तराफ्याचं काम आलं. वरच्या अंगाला नदीवर एक तराफा चालतो. दोन्ही काठांना दोर बांधलेला, आणि तराफ्यावरची माणसं तो हातांनी ओढत ओढत पलीकडे जातात. त्यांचा जुना दोर झिजला होता. तपासनीसानं बजावलं होतं, की नवा दोर चढवा, नाहीतर तराफा बंद. नायलॉन त्यांना चालत नाही, तो ओला झाला की हातातून निसटतो. आणि दोर हवा एकसंध. गाठ नको, जोड नको, कारण तराफ्याची लोखंडी कडी दोरावरून सरकत जाते, ती जोडापाशी अडकते. नदीच्या रुंदीएवढा एकसंध दोर वळायला नदीच्या रुंदीएवढी सरळ जागा लागते, ती आमच्याच दारात. धक्क्यावरच्या दुकानदारामार्फत काम ठरलं. तराफेवाला आप्पांना तिथेच भेटून गेला, दोर कसा हवा ते हातवारे करून सांगून गेला. आमचं घर त्यानं पाहिलं नव्हतं.

मग घरात करार झाला. हा दोर नीट झाला आणि नदीवर चढला, तर वरच्या खालच्या सगळ्या तराफ्यांची कामं येतील, आणि आपण राहायचं. नाही जमलं, तर दुकान बंद, नवरा आणि मी कारखान्याच्या गावाला. आप्पा म्हणाले, "जमणार नाही म्हणजे काय? झोपेत वळीन मी." पण होता तेवढा ताग त्यांनी या एका दोराला लावला, आणि आठवडाभर कुणाला त्याला हात लावू दिला नाही, हेही मी पाहिलं.

त्याच दिवसांत पेपरात आलं, 'नदीवरील पुलासाठी दोरगल्ली आग्रही. तराफे हटवण्याची मागणी.'

आप्पांनी ते दोनदा वाचलं. "आपल्याला पूल हवाय म्हणे."

"आपल्याला?" नवरा म्हणाला.

"असं लिहिलंय. तराफे नकोत आपल्याला." त्यांनी मांडीवरचा ताग झटकला. "या लोकांना विचारतं कोण? मी इथे तराफ्याचाच दोर करतोय." आणि आम्ही तिघंही हसलो. हसायलाच आलं तेव्हा, खोटं कशाला सांगू.

आता आमच्याकडे दोर कसा वळतात ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला, आमच्या दारात, तीन आकड्यांचं चाक असतं. त्या आकड्यांपासून ताग पिळून केलेले तीन पेड निघतात, ते लाकडी घोड्यांवरून कमरेइतक्या उंचीवर गल्लीच्या खालच्या टोकापर्यंत जातात आणि तिथे एका गाड्याला बांधलेले असतात. चाक फिरलं की पेडांना पीळ बसतो. मग आप्पा गाड्यापाशी तीन खाचांचं लाकडी बोंड पेडांमध्ये घालतात आणि चाकाच्या दिशेनं उलटं चालायला लागतात. बोंडाच्या पुढे, त्यांच्या डोळ्यांसमोर, तीन पेडांचा एक दोर होत जातो. पाठीमागे काय आहे ते त्यांना दिसत नाही. म्हणून गाड्यावर बसलेला माणूस त्यांचे डोळे. उजवा हात उचलला तर उजवीकडे सर, डावा तर डावीकडे, दोन्ही तळवे समोर धरले तर थांब. आणि चालणाऱ्यानं बोलायचं नाही. बोललं की पाऊल चुकतं, पाऊल चुकलं की पीळ सैल पडतो. आप्पांचे वडील दोर वळताना मागून कुणी नमस्कार केला तरी मान हलवत नसत, आणि गावात ते भयंकर गर्विष्ठ म्हणून प्रसिद्ध होते.

गाड्यावर वजन लागतं, म्हणजे दोर ताणलेला राहतो. ते वजन मी. या घरात माझ्या जाडीचं कुणी मनापासून कौतुक केलं असेल तर ते फक्त दोर वळताना.

तराफ्याचा दोर वळायचा तो सुट्टीचा दिवस होता. सुट्टीला गल्लीत चिटपाखरू नसतं, म्हणून आम्ही दोन्ही टोकांना पिंपं आडवी लावून दोर वळतो. सकाळपासून पेड ताणून झाले होते. नवरा वर चाकावर, मी खाली गाड्यावर, आणि आप्पांनी बोंड हातात घेतलं. माझ्याकडे बघून त्यांनी एकदा मान हलवली आणि पहिलं पाऊल मागे टाकलं.

काय सुंदर दोर होत होता! मी चाळीस दोर तरी पाहिले असतील, असा नव्हता पाहिला. पीळ कसा एकसारखा, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. आप्पा हळूहळू लांब जात होते, दोर आखडेल तसा माझा गाडा त्यांच्या दिशेनं सरकत होता, आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की आपण राहतोय. कुंपणावरून मी इकडच्या बाजूला उतरले होते. स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा इथपर्यंत मी पोचले होते.

गल्लीच्या मध्यावर, खांबांच्या इमारतीसमोर, एक बोळ येऊन मिळतो. त्या बोळातून आवाज आला आणि मग माणसं आली. एवढी माणसं मी आमच्या गल्लीत कधी पाहिली नव्हती. बायका होत्या, म्हातारे होते, काहींच्या डोक्यावर टोपल्या होत्या. पुढे एक बाई हातात भोंगा घेऊन ओरडत होती आणि तिचा घसा पार बसलेला होता. ती म्हणत होती, "दोरगल्ली!" आणि मागची माणसं म्हणत होती, "हाय हाय!"

मला आधी काहीच कळेना. आमचं काय चुकलं? सुट्टीच्या दिवशी रस्ता अडवला म्हणून का? पण रस्ता तर आम्ही पिढ्यान् पिढ्या अडवतोय.

माणसं बोळातून बाहेर पडली आणि थबकली, कारण समोर खांबांची इमारत होती आणि त्यांच्या आणि इमारतीच्या मध्ये कमरेच्या उंचीवर तीन दोर ताणलेले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोर वळताना ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला काय दिसणार? आपल्याला अडवायला कुंपण घातलंय हेच दिसणार. आणि त्या कुंपणाच्या कडेनं एक म्हातारा त्यांच्याकडे पाठ करून, एकेक पाऊल टाकत, उलटा चालत येतोय.

"तुम्ही कोण?" भोंगेवाल्या बाईनं विचारलं.

आप्पा बोलले नाहीत. ते कसे बोलणार?

"आम्ही नदीपलीकडून आलोय! आमचं गाऱ्हाणं ऐकायला इथे कुणी आहे की नाही?"

आप्पा एक पाऊल मागे आले.

"पाहा!" ती बाई गर्दीकडे वळून म्हणाली. "पाहा, दोरगल्लीनं आपल्याकडे पाठ केलीय! साधं वळून बघायची तयारी नाही यांची!"

मी डावा हात उचलला, मग उजवा, मग पुन्हा डावा. कुठे सर म्हणून सांगू त्यांना? दोन्हीकडे माणसंच होती. मी ओरडले असते, पण ओरडून काय ओरडायचं, तेच सुचेना. 'अहो, आम्ही दोरगल्ली नाही' म्हणायचं? आम्ही तर होतोच. नवरा चाक सोडू शकत नव्हता, त्यानं सोडलं असतं तर पीळ उलटा धावला असता. तो लांबून नुसता मान डोलवत होता, हो म्हणून की नाही म्हणून, मला दिसत नव्हतं.

लोक बोलत होते. कुणी म्हणत होतं, दोरगल्लीनं आमचा घाट बंद पाडला. कुणी म्हणत होतं, पुलाच्या टोलावर डोळा ठेवून दोरगल्लीनं तराफ्याच्या मुळावर घाव घातला. एक म्हातारी म्हणत होती, माझा मुलगा दोरगल्लीमुळे परागंदा झाला. ती ते ओरडून नव्हती म्हणत, नुसतं सांगत होती.

मग टोपलीवाल्यांमधून एक भाजीवाला पुढे झाला. त्याच्या हातात कोयता होता, भाज्यांचे देठ तासायचा असतो तसला. "आधी हे कुंपण तर तोडू," तो म्हणाला.

मी दोन्ही तळवे समोर धरले. थांब. आप्पा, थांबा. मी तळवे हलवत होते, पण आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. डोळे दोरावर होते आणि कान सगळे मागे लागलेले होते. त्यांना मी इतकं कान देऊन ऐकताना कधीच पाहिलं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या तरी ते मध्ये बोलतात.

भाजीवाल्यानं एक पेड तोडला.

फाट्कन आवाज झाला आणि तुटलेला पेड उसळून घोड्या पाडत वर गेला. चाकाची मूठ नवऱ्याच्या मनगटावर बसली. माझा गाडा एकदम सैल झाला आणि मी मागे कोसळले. उठून पाहते तर आप्पांच्या समोरचा तो सुंदर दोर, मी पाहिलेला सगळ्यात चांगला दोर, आपला आपण उकलत होता.

आप्पा थांबले. मग वळले. गर्दीला पहिल्यांदाच त्यांचं तोंड दिसलं.

"आप्पा?" गर्दीच्या मागून कुणीतरी म्हणालं. माणसं बाजूला सारत तराफेवाला पुढे आला. "आप्पा, तुम्ही?"

"अरे, तू इकडे कसा?" आप्पा म्हणाले. "तुला परवा देणार होतो ना मी. घाई होती का?"

"तुम्ही इथे काय करताय?"

"दोर वळतोय."

"इथे? दोरगल्लीत?"

"मग कुठे? घर आहे माझं ते."

"तुम्ही तर धक्क्यावर राहता."

"धक्क्यावर दुकानदार राहतो. मी इथला. जन्मापासून."

तराफेवाल्यानं खाली वाकून तुटलेलं टोक हातात घेतलं. दोर ओढून ओढून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले होते, त्या बोटांनी त्यानं ताग चाचपला. "म्हणजे हा माझा दोर?"

"तुझाच."

भाजीवाल्यानं कोयता पाठीमागे घेतला. मग तिथेच ठेवू की टोपलीत ठेवू, असं करत तो हातात धरूनच उभा राहिला. भोंगेवाल्या बाईनं भोंगा खाली केला. तराफा वाचवायला नदी ओलांडून आलेल्या माणसांनी तराफ्याचा दोर तोडला होता, आणि ते लक्षात यायला प्रत्येकाला आपापला वेळ लागत होता. मागच्यांना तर काहीच कळलं नव्हतं, ते अजून हाय हाय म्हणत होते.

"जोडता नाही यायचा?" बाईनं विचारलं.

"कडी अडकेल," तराफेवाला आणि माझा नवरा एकदमच म्हणाले. नवरा मनगट धरून धावत आला होता.

"मग दुसरा करा. आम्ही सगळे मदत करू. आत्ता करू."

"ताग संपला," नवरा म्हणाला. "आणि तपासनीस केव्हा येतोय?"

तराफेवाल्यानं हातानंच सांगितलं, की आलाच. मग तो फुटपाथवर बसला. मोठा माणूस, पण रडायला लागला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, खरं सांगते. तुझी माणसं, तुझा कोयता, आणि रडतोस तू? पण तो इतका मनापासून रडत होता, की मीच आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं.

"मग ती दोरगल्ली कुठेय?" भोंगेवाली बाई मला विचारत होती. आता तिचा आवाज अगदीच बसला होता. "ज्यांनी पूल मागितला ते कुठे बसतात? आम्हाला फक्त त्यांच्याशी बोलायचंय. दोन मिनिटं."

मी खांबांकडे पाहिलं. चपलांच्या शोरूमचा वॉचमन स्टुलावरून उठून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "इथे कुणी नसतं, बाई. कधीचे गेले ते. काहीजण तिकडे नव्या काचेच्या इमारतीत गेले म्हणतात."

"कुठेशी?"

"नदीपलीकडे."

"पलीकडे? आम्ही तिथूनच तर आलो!"

वॉचमननं खांदे उडवले. बाईनं बोळाकडे पाहिलं, मग खांबांकडे, मग पुन्हा बोळाकडे. तिला कुठे तोंड करून उभं राहायचं तेच कळत नव्हतं, आणि मला तरी कुठे कळत होतं? शेवटी माणसं आली तशी निघाली. जाताना काहींनी पडलेल्या घोड्या उभ्या करून ठेवल्या. भाजीवाल्यानं आमच्या दारात एक कोबी ठेवला आणि निघून गेला. तो कोबी मी लाथाडणार होते. मग उचलून आत ठेवला.

संध्याकाळी नवऱ्यानं मनगटाला पट्टी बांधली आणि कारखान्याला फोन केला. फोनवर तो नुसतं 'हो, हो' म्हणत होता. मी माळ्यावरचे डबे काढायला लागले, मुद्दाम आदळआपट करत. आप्पांना ऐकू जावं म्हणूनच. आता ते येतील, म्हणतील, ठेव ते जागेवर, मी कुठेही येणार नाही. मग मी म्हणेन, तुम्ही यायलाच हवं, मी तुम्हाला इथे गॅसच्या भरवशावर सोडणार नाही. माझी सगळी वाक्यं तयार होती. त्यांनी भांडावं, एवढंच मला हवं होतं. त्या दिवसात तेवढी एकच गोष्ट नेहमीसारखी झाली असती.

आप्पा दारात येऊन उभे राहिले. "माझी पण ट्रंक काढ," ते म्हणाले.

मी डबा हातात धरूनच वळले. "तुम्ही येताय?"

"येतो."

"आप्पा, रागावून म्हणताय का?"

"रागावू कशाला? तूच विचार कर. एवढी माणसं सुट्टीचा दिवस मोडून, नदी ओलांडून सांगायला आली, की दोरगल्लीनं आमचं वाटोळं केलं. त्या बाईचा घसा बघितलास? खोटं सांगायला कुणी एवढा घसा फोडतं का? मी सगळं ऐकलं. ती म्हातारी म्हणत होती, तिचा मुलगा घर सोडून गेला." ते ट्रंकेवर बसले. "जिथल्या माणसांचा लोकांना एवढा त्रास होतो, तिथे राहू नये आपण."

"अहो, ते आपल्याबद्दल नव्हते बोलत! ते दुसऱ्यांबद्दल."

"दुसरे म्हणजे कोण?"

खांबांची इमारत म्हणावं तर तिथे चपला. काचेची इमारत म्हणावं तर ती मी पाहिलेली नाही. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं आमच्या पत्त्याला मान होता, त्यातला एक चेहरा, एक कोट, एक आडनाव मला आठवेना. मला एवढा राग आला होता आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. नवरा फोन ठेवून माझ्याकडे बघत होता, जणू मला माहीत असेल.

"इथे आपल्याशिवाय राहतंय कोण?" आप्पा म्हणाले. "काहीतरी केलं असणार आपण. मी मघापासून आठवतोय. वडिलांच्या वेळचं असेल, नाहीतर माझ्याच हातून काही झालं असेल. मला नाही आठवत आता पहिल्यासारखं. तू हुशार आहेस. तू जरा आठवून बघ ना, आपण काय केलं ते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते खरोखरच विचारत होते, आणि उत्तर मिळेल म्हणून थांबले होते. मी डबा खाली ठेवला, त्यांच्या शेजारी ट्रंकेवर बसले, आणि आठवायला लागले.